क्रॉसबोसाठी ब्रॉडहेड कसं निवडायचं आणि कसं पारखायचं

ओहायोत हरणांचा धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरच्या शेवटी उघडतो आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो. त्यामुळे ऑगस्ट लागला की कोलंबसच्या आसपासच्या आपल्या मंडळींपैकी नव्याने क्रॉसबो (खटका दाबून बाण सोडायचं आडवं धनुष्य) घेतलेलं कुणी ना कुणी विचारतंच, "दादा, ब्रॉडहेड कुठलं घेऊ?" ब्रॉडहेड म्हणजे शिकारीच्या बाणाचं धारदार पात्यांचं टोक. दुकानात भिंतभर पाकिटं टांगलेली असतात. प्रत्येकावर उघडलेल्या पात्यांचं मोठं चित्र आणि खाली कंपनीचं नाव ठळक अक्षरांत. माझं उत्तर ठरलेलं आहे: ते दुकानात ठरत नाही. तुमच्या क्रॉसबोमधून, तुमच्याच बाणावर बसून जे टोक फील्ड पॉइंट (सरावाचं बिनपात्याचं टोक) लागतो तिथेच जाऊन लागतं आणि ज्याची धार तुम्हाला राखता येते, ते तुमचं. हे ओळखायला घरच्या घरी काय करायचं, ते सविस्तर सांगतो.

त्याआधी नियमांचं. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाची शिकार हा गुन्हा आहे, तेव्हा इथलं सगळं अमेरिकेपुरतं आणि तेही परवाना काढून. ओहायोत ब्रॉडहेडला किमान दोन धारदार कडा लागतात आणि रुंदी किमान पाऊण इंच. उघडणारी पाती चालतात. शेजारच्या मिशिगनमध्ये हीच रुंदी किमान सात अष्टमांश इंच आणि बाण किमान १४ इंच लांब हवा. ऑरेगनमध्ये तर क्रॉसबोने शिकारच करता येत नाही. राज्य बदललं की त्या वर्षीची नियमावली पुन्हा वाचायची. खाजगी जमिनीवर जायचं असेल तर ओहायोत मालकाची लेखी परवानगी खिशात लागते. मी लिकिंग काउंटीतल्या ज्या सोयाबीनवाल्याच्या रानात बसतो, त्याच्याकडून दर हंगामाला नवा कागद सही करून घेतो.

आता टोक नेमकं काय काम करतं ते समजून घ्या, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर अवलंबून आहे. रायफलची गोळी वेगाच्या जोरावर आतलं सगळं उद्ध्वस्त करते. बाणात तो धक्का नसतो. ब्रॉडहेड फक्त कापतं. दोन्ही फुफ्फुसांतून आरपार गेलं तर रक्तदाब एकदम कोसळतो आणि हरीण थोड्या सेकंदांत पडतं, बहुतेक वेळा शंभरेक यार्डांच्या आतच. पातं बोथट असेल तर रक्तवाहिन्या कापल्या न जाता बाजूला ढकलल्या जातात, जखमेच्या कडा चिरडतात आणि रक्त लवकर गोठतं. मग तेच जनावर दिवसभर तडफडत फिरतं आणि आपल्या हाती लागत नाही. ज्याला हे चालत नाही, त्याने बाकी खर्च कमी करावा, पण धारेत काटकसर करू नये.

ब्रॉडहेड मुख्यतः दोन प्रकारचं असतं. एकात पाती कायमची उघडी असतात, त्याला फिक्स्ड म्हणतात. मझी, स्लिक ट्रिक, माँटेक ही त्यातली नेहमीची नावं. कापाची रुंदी साधारण एक ते सव्वा इंच. दुसऱ्यात पाती उडताना मिटलेली असतात आणि लागल्यावर उघडतात, ते मेकॅनिकल. रेज, सेव्हर, स्वॅकर वगैरे. त्यांचा काप दीड-दोन इंचांपर्यंत जातो.

फिक्स्डमध्ये बिघडण्यासारखं काही नाही, हाडावर लागलं तरी सहसा तग धरतं. पण त्याची उघडी पाती हवेत बाणाला पुढून वळवू पाहतात आणि मागची पिसं त्याला सरळ ठेवू पाहतात. वेग जितका जास्त, तितकी ही ओढाताण जास्त. उलट मेकॅनिकल हवेत जवळजवळ फील्ड पॉइंटसारखंच जातं, पण उघडायला थोडी शक्ती खातं. तिरप्या कोनातून फासळीवर लागलं तर काही टोकं बाजूला घसरतातही.

शक्तीची चिंता क्रॉसबोवाल्याला फारशी नसते. हिशेब सोपा आहे: बाणाचं ग्रेनमधलं वजन (१०० ग्रेन म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम) गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. पूर्ण ४०० ग्रेनचा बाण सेकंदाला ३५० फुटांनी सुटत असेल तर सुमारे १०९ फूट-पाउंड होतात. हरणासाठी ही शक्ती पुरून उरते. म्हणून माझा सल्ला असा: क्रॉसबो ३५० फुटांच्या आसपासचा असेल तर आधी आखूड बांध्याचं, तीन किंवा चार पात्यांचं फिक्स्ड वापरून पाहा. चारशेच्या पुढचा असेल तर फिक्स्ड एकाच जागी बसवणं फार कटकटीचं होतं, तिथे मेकॅनिकल घ्या. मात्र पाकिटावर क्रॉसबोसाठी असं लिहिलेलंच घ्या. साध्या धनुष्यासाठीच्या मेकॅनिकलची पाती मिटून धरणारी कॉलर किंवा रबरी कडं नरम असतं. क्रॉसबोच्या धक्क्याने पाती बाण सुटतानाच उघडली तर तो कुठे जाईल याचा नेम नाही. क्रॉसबोच्या टोकांत हीच कॉलर जास्त कडक असते.

वजनाचा घोळ घालू नका. बाजारात १०० आणि १२५ ग्रेन ही दोन वजनं सर्रास मिळतात. क्रॉसबोच्या पुस्तिकेत बाणाचं किमान एकूण वजन दिलेलं असतं, त्याच्या खाली कधीही जायचं नाही. फार हलका बाण म्हणजे रिकामी दोरी सोडल्यासारखंच, आणि त्यात हात-पाय तुटतात ते क्रॉसबोचे. ज्या वजनाच्या फील्ड पॉइंटवर स्कोप (नेमाची दुर्बीण) लावला, त्याच वजनाचं ब्रॉडहेड.

बाण डळमळतो अशी तक्रार असेल तर मात्र १२५ घेऊन पाहा. तोल पुढे सरकला की उड्डाण शांत होतं. हा तोल मोजता येतो. टोकासकट बाण बोटावर आडवा तोलून धरा आणि तो बिंदू नॉकपासून (बाणाचा मागचा, दोरी टेकते तो भाग) किती इंचांवर येतो ते बघा. त्यातून बाणाच्या लांबीचा निम्मा भाग वजा करा, उरेल त्याला लांबीने भागा आणि शंभराने गुणा. २० इंची बाण १३ इंचांवर तोलला तर १५ टक्के येतात, आणि तेवढे छान आहेत. लांबी नॉकच्या खाचेपासून शाफ्टच्या (बाणाच्या दांडीच्या) पुढच्या टोकापर्यंत धरायची, ब्रॉडहेड सोडून.

नॉकचंही इथेच सांगतो. अर्धचंद्री, सपाट की दोरी धरून ठेवणारं, हे क्रॉसबोच्या पुस्तिकेत जे सांगितलंय तेच. त्यात प्रयोग नकोत. चुकीच्या नॉकवरून दोरी सरकली तर रिकामा झटका बसतो आणि क्रॉसबो मोडतो.

बाण टोकासकट फिरवून पाहणं

सगळ्या परीक्षांत ही सर्वांत स्वस्त, आणि लोक हीच टाळतात. ब्रॉडहेड बाणावर नीट घट्ट बसवा, तेही सोबत आलेल्या प्लॅस्टिकच्या चावीने. उघड्या बोटांनी कधीच नाही, पात्याला आपलं बोट आणि हरणाची फासळी यांतला फरक कळत नाही. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर पुठ्ठ्याचा छोटा तुकडा ठेवा, त्यावर टोक टेकवा, बाण उभा धरा आणि अंगठा व तर्जनीने शाफ्टला पीळ देऊन सोडा. चांगला जुळलेला बाण भोवऱ्यासारखा एका जागी गुंजत उभा राहतो. टोक आणि शाफ्ट जिथे मिळतात त्या सांध्याकडे बघायचं, पात्यांकडे नाही. पाती फिरताना डोळ्याला फसवतात. सांधा स्थिर दिसला तर पास. तिथे पुसट, दुहेरी कड दिसायला लागली किंवा हाताला थरथर जाणवली, तर टोक आणि बाण एका रेषेत नाहीत.

मग दोष कुणात आहे ते शोधायचं. तेच टोक दुसऱ्या बाणावर लावा. तिथेही डुललं तर टोकाचं अंगच वाकडं, ते परत करा. तिथे सरळ फिरलं तर पहिल्या बाणाचा इन्सर्ट तिरपा बसलाय किंवा त्याचं तोंड काटकोनात नाही. इन्सर्ट म्हणजे बाणाच्या तोंडात चिकटवलेला, आतून आटे असलेला तुकडा. बाणाचं तोंड काटकोनात आणायचं छोटं साधन मिळतं. इन्सर्टच्या तोंडावर मार्करने काळं करायचं, बाण त्या साधनाच्या व्ही आकाराच्या खाचेत ठेवायचा आणि बारीक घासकागदावर हलके फिरवायचा. काळं सगळीकडून सारखं निघालं की झालं. एका बाजूला काळं शिल्लक राहिलं तर ती बाजू खोल आहे, अजून घासा. हे काम दहा मिनिटांचं, पण नंतर निशाणावर दिसणारा निम्मा गोंधळ इथेच संपतो.

जाता जाता ग्रेनच्या काट्यावर एकाच पाकिटातली सगळी टोकं तोलून घ्या. एखाद-दुसऱ्या ग्रेनचा फरक सोडून द्या. पाच-सहा ग्रेनचा असेल तर ते टोक सरावाला ठेवा.

धार तपासण्याचे अनेक प्रकार लोक करतात, हातावरचे केस काढून दाखवणारेही आहेत. मला रबरबँडची रीत सगळ्यांत खरी वाटते. एका रिकाम्या डब्यावर जाड रबरबँड ताणून बसवा. पातं त्यावर फक्त टेकवून, जोर न लावता, अर्धा इंच ओढा. शिकारीच्या लायकीची धार असेल तर रबर तिथल्या तिथे तटकन तुटतं. रबर आधी खाली दबलं आणि मग तुटलं, तर ती धार माझ्या हिशेबी नापास. ताणलेलं रबर आणि रक्तवाहिनी दोन्ही पात्यासमोरून निसटू पाहतात, म्हणून कागद कापून बघण्यापेक्षा ही परीक्षा बरी. नव्या पाकिटातली पातीही यात नापास होतात, तेव्हा नवं म्हणजे धारदार असं गृहीत धरू नका. पाती बदलता येणारं टोक असेल तर नवी पाती घाला. माँटेकसारख्या एकसंध तीन पात्यांच्या टोकाला घरी धार लावणं सोपं आहे: दोन पाती एकदम सहाणेवर सपाट टेकवायची, एका दिशेने ओढायचं, मग पुढची जोडी. धार लागली की पात्यांवर व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवा. ओहायोतलं नोव्हेंबरचं दव एका रात्रीत गंज आणतं.

आता मैदान

ब्रॉडहेडसाठी वेगळं निशाण लागतं, दाट फोमचं. चिंध्या भरलेल्या पोत्याचं निशाण फील्ड पॉइंटसाठी असतं. त्यात ब्रॉडहेड मारलंत तर पोतं फाटेल आणि टोक आतच अडकेल. मागे मातीचा बांध किंवा उतार हवा.

पहिल्यांदा फील्ड पॉइंट. क्रॉसबो वाळूच्या पिशवीवर टेकवा आणि बाणांवर मार्करने नंबर घाला. दोरी ओढायला हुकांचा दोर वापरा. नुसत्या हाताने ओढली की एक बाजू थोडी जास्त येते आणि बाण डावी-उजवीकडे जातो. दोरी खटक्यात जिथे बसते त्याच्या दोन्ही बाजूंना खूण करून ठेवा, म्हणजे मध्य चुकला की लगेच दिसतं. बोटं आणि अंगठा नेहमी दोरीच्या वाटेच्या खाली. हे मी नव्या माणसाला प्रत्येक बाणाला सांगतो आणि त्याने वैतागलेलं मला चालतं, कारण त्या दोरीने अंगठे गेलेले आहेत.

२० यार्डांवर तीन फील्ड पॉइंट मारा, प्रत्येक वेगळ्या ठिपक्यावर. एकाच ठिपक्यावर मारलेत तर दुसरा बाण पहिल्याला फोडणार. मग तेच बाण, त्याच नंबरांचे, ब्रॉडहेड लावून त्याच ठिपक्यांवर. बाण निशाणातून उपसताना तो सरळ मागे ओढा, दुसरा हात निशाणावर सपाट ठेवा आणि जाड हातमोजा घाला. आसपास कुणी उभं असेल तर आधी त्याला मागे व्हायला सांगा.

२० यार्डांवर जवळजवळ सगळीच टोकं शहाणी वागतात. म्हणून तिथे खूश होऊन घरी जायचं नाही. ३० वर जा, मग ४० वर. खरं चित्र तिथे उघडं पडतं. तीनही ब्रॉडहेड एकमेकांजवळ लागताहेत पण फील्ड पॉइंटपेक्षा दोन-तीन इंच बाजूला, तर टोक चांगलं आहे, फक्त त्याची जागा वेगळी आहे. स्कोप ब्रॉडहेडवर लावून घ्या आणि हंगाम संपेपर्यंत तसाच ठेवा. दोन बाण एकत्र आणि एक नंबर दर वेळी भटकतोय, तर तो बाण बाजूला काढा, पुन्हा फिरवून बघा, पिसं सुटली आहेत का ते तपासा. तीनही तीन दिशांना, तर ते टोक आणि तुमचा क्रॉसबो यांचं जमत नाही. अशा वेळी पैसे गेले म्हणून ते टोक वापरत राहू नका. आणखी एक गोष्ट क्रॉसबोत खास बघावी लागते: आखूड बाणावर रुंद फिक्स्ड टोक बसवलं तर पाती रेलला (बाण ज्यावर बसतो त्या पट्टीला) किंवा पुढच्या भागाला घासतात का. सेफ्टी लावून बाण बसवा आणि बाजूने, समोर न जाता, नजर टाका.

वारा असलेला एक दिवस मुद्दाम निवडा. रुंद उघड्या पात्यांचं टोक आडव्या वाऱ्यात फील्ड पॉइंटपेक्षा जास्त वाहतं. किती वाहतं ते तुमच्या डोळ्यांनी बघितलेलं बरं.

मेकॅनिकलची परीक्षा थोडी वेगळी. निशाणापुढे फूटभर अंतरावर खोक्याचा पुठ्ठा उभा करा आणि त्यातून मारा. पुठ्ठ्यावरचा छेद सगळं सांगतो. दर बाणाला सारखाच छेद पडतोय का ते बघायचं. एकदा बारीक गोल भोक, एकदा पूर्ण उघडलेल्या पात्यांची चीर, एकदा एकाच बाजूची चीर, असं होत असेल तर पाती आपल्या मर्जीने उघडताहेत. प्रत्येक बाणानंतर कॉलर बदलायची, वापरलेली पुन्हा नाही. रबरी कडी जुनी झाली की सुकून तडकतात, ती हंगामाच्या सुरुवातीला नवी घाला. काही कंपन्या सरावाचं वेगळं टोक देतात, सेव्हरमध्ये पाती स्क्रूने बंद करून मारता येतं. पण एकदा तरी खरं टोक खऱ्या पात्यांसह मारून बघाच. ज्या टोकाने हा सराव केला ते पुन्हा शिकारीला न्यायचं नाही, निदान पाती बदलल्याशिवाय. फोम धार खातो.

अंतराबद्दल दोन शब्द. चाळीसवर तुमचे बाण छान लागले म्हणजे चाळीसवर हरणावर सोडावा असं नाही. ३० यार्ड म्हणजे ९० फूट, ३५० फुटांच्या वेगाला पाव सेकंद लागतो. आवाज सेकंदाला सुमारे ११०० फुटांनी जातो, म्हणजे दोरीचा खटका हरणाला बाणाच्या कितीतरी आधी ऐकू येतो. सावध व्हाइटटेल (इथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण) तेवढ्यात उडी घ्यायला खाली दबतं आणि मध्यावर धरलेला बाण पाठीच्या वर जातो. माझी मर्यादा ३०, आणि हरीण मान वर करून कान टवकारून बघत असेल तर तेवढंही नाही. बाजू पूर्ण आपल्याकडे असावी किंवा ते किंचित पलीकडे वळलेलं असावं. फऱ्याच्या मागे, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागाशी. आठ इंचांचं वर्तुळ आहे ते. मचाणावरून मारताना बाण वरून खाली जातो, तेव्हा पलीकडे तो कुठून बाहेर पडेल त्याचा विचार करून नेम धरा. खालच्या बाजूला बाहेर पडलेलं भोक रक्ताचा माग सोडतं, आणि आरपार जाणारं टोक हवं ते त्यासाठीच. मचाणावर चढण्यापासून उतरेपर्यंत हार्नेस (पडण्यापासून वाचवणारा पट्टा) अंगावर. क्रॉसबो वर ओढून घ्यायचा तो बाण न लावता, आणि ब्रॉडहेड झाकलेल्या भात्यातच.

बाण सुटल्यावर टोकाची शेवटची परीक्षा जमिनीवर होते. बाण सापडला की त्यावरचं रक्त बघा. गुलाबी, फेसाळ असेल तर फुफ्फुसं, अर्धा तास थांबा आणि निघा. गडद लाल असेल तर यकृत, किमान चार तास. हिरवट, वास मारणारं काही लागलं असेल तर पोटात लागलंय, आठ ते बारा तास तिकडे फिरकायचं नाही, कारण उठवलेलं हरीण मैलभर जातं आणि मग सापडत नाही. पाऊस येणार असेल तर हा हिशेब अवघड होतो. काही राज्यांत पट्ट्याने बांधलेल्या मागकाढ्या कुत्र्याची मदत घेता येते, ओहायोत येते, त्याचा नंबर आधीच फोनमध्ये ठेवा.

घरी आल्यावर ते टोक गरम पाण्यात धुऊन वाळवा, पाती बदला, आणि पुन्हा ओट्यावर फिरवून बघा. हाडावर लागलेलं टोक वरून ठीक दिसतं आणि फिरवताना डुलतं. डुललं तर ते पत्र्याच्या डबीत घालून, डबीला टेप गुंडाळून, मगच कचऱ्यात टाका, कचरा उचलणाऱ्याच्या हाताला लागू नये म्हणून.